शरणपूरहून महासरोवराकडे



नाशकांत शरणपूर रोड नांवाचा एक गजबजलेला रस्ता आहे. दुकानें, दवाखाने, कचेऱ्या आणि वाहनें यांच्या गर्दींतून रोज हजारों लोक त्या रस्त्यानें ये-जा करितात. परंतु हें शरणपूर म्हणजे काय, आणि तेथें कोण कोणास शरण आलें होतें, असा प्रश्न एखाद्यालाच पडत असेल. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे माणूस गोदातीरावरून थेट आफ्रिकेंतील एका महासरोवराच्या कांठीं जाऊन पोंचतो. त्या सरोवराकांठचें किसुमू शहर, तेथवर जाणारी वाट, आणि त्या वाटेवर चाललेलीं नाशकास शिकलेलीं कांहीं माणसें, यांच्याविषयीं आज मी बोलणार आहें.

प्रथम त्या शहराची ओळख करून देतों. पूर्व आफ्रिकेंत, विषुववृत्तावर, व्हिक्टोरिया सरोवर पसरलेलें आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांनीं त्याचा कांठ वांटून घेतला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यासारखे चार जिल्हे त्यांत सहज बुडतील. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आहे. या सरोवराचें पाणी सुमारें ११३४ मीटर उंचीवर आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यांत विनाम नांवाचें एक आखात आंत शिरलें आहे, आणि त्या आखाताच्या टोंकाशीं किसुमू वसलें आहे. तेथील मूळ रहिवासी लुओ लोक. ते सरोवरास ‘नाम लोल्वे’ म्हणतात. किसुमू हें नांव लुओ भाषेंतील अदलाबदलीच्या व्यापाराशीं जोडलें जातें. आफ्रिकेंतील या शहराची वस्ती २०१९ च्या खानेसुमारींत चार लाखांच्या घरांत भरली. मोंबासा आणि नैरोबी यांच्या मागोमाग केनियांत त्याचें नांव घेतात.

आज नैरोबीहून विमानानें तासाभराच्या आंत किसुमूस पोंचतां येतें. दीडशें वर्षांपूर्वीं मोंबासाच्या किनाऱ्यावरून या सरोवराकडे निघालेल्या माणसास महिने लागत, आणि ते सगळे पायीं काढावे लागत. ती वाट तुडविणाऱ्यांत नाशिकचीं माणसें कशीं आलीं, हें समजण्यासाठीं आपल्याला आधीं समुद्राकडे वळलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झांझिबार ही गुलामांच्या व्यापाराची मोठी पेठ होती. न्यासा सरोवराच्या आसपासच्या याओ, मकुआ वगैरे जमातींचीं मुलेंमाणसें पकडून किनाऱ्यावर आणीत, आणि तेथून गलबतांत भरून अरबस्तानाकडे व इराणी आखाताकडे विकावयास नेत. या व्यवहारांत आपले हात अगदीं स्वच्छ होते असें म्हणतां येणार नाहीं. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षें जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता. तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या घरींहि गुलाम राबत असत. १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील रिग्बी यानें त्यांना ते मुक्त करावयास लाविले.

ब्रिटिश आरमाराच्या नौका समुद्रावर पाळत ठेवून हीं गलबतें पकडीत. पण सुटका झालेल्यांना पाठवावयाचें कोठें, हा प्रश्न उरे. पुष्कळ मुलांना आपलें गांव कोणत्या दिशेस आहे हेंहि सांगतां येत नसे, आणि परत सोडावें तर पुन्हां पकडलें जाण्याची भीति. म्हणून कांहींना एडनला, कांहींना मॉरिशस व सेशेल्स बेटांवर, आणि कांहींना मुंबईस उतरवीत. मुंबईस उतरविलेल्यांपैकीं अनेक मुलें नाशकास आलीं.

नाशिक गांवाबाहेर रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें १८५४ च्या सुमारास एक वसाहत स्थापिली होती. धर्मांतरामुळें घरादारास मुकलेल्या लोकांना आणि पोरक्या मुलांना तेथें आसरा मिळे, म्हणून तिचें नांव शरणपूर. १८६० पासून त्याच ठिकाणीं आफ्रिकी मुलांसाठीं आश्रम चालूं झाला. लिहिणें-वाचणें, इंग्रजी, धर्मशिक्षण आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातांतले धंदे त्यांना शिकवीत. हीं मुलें ‘नासिक बॉइज’ या नांवानें पुढें जगाला ठाऊक झालीं.

शरणपुरानें त्यांना अन्न, विद्या आणि सुरक्षितता दिली, हें खरें. पण या सुरक्षिततेची किंमतहि त्यांनीं मोजली. त्यांचीं जन्मनांवें मागें पडलीं, आणि मिशनऱ्यांनीं दिलेलीं इंग्रजी नांवें त्यांना चिकटलीं. सभोंवतीं मराठी व हिंदुस्थानी बोलणारें गांव. आपली आईची भाषा हळूहळू अनेकांच्या जिभेवरून पुसून गेली. ज्या मुलांना स्वतःचें गांव आठवत नव्हतें, त्यांचीच आफ्रिकेच्या अंतर्भागांत जाण्यासाठीं पुढें निवड झाली.

१८६५ सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी मुंबईस आला. आफ्रिकेंतील सरोवरें आणि नील नदीचा उगम यांच्या शोधाची तिसरी मोहीम त्याच्या मनांत घोळत होती. तो नाशकास आला, आणि शरणपूरचे नऊ तरुण त्यानें बरोबर घेतले. मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविलेला चुमा हा याओ मुलगाहि त्यांच्यांत होता. १८६६ च्या जानेवारींत ही मंडळी मुंबईहून निघाली.

या प्रवासांतील दळणवळणाचा प्रश्न लक्षांत घेण्यासारखा आहे. त्याच १८६५ सालीं आपल्या थळ घाटांतून आगगाडी धांवूं लागली होती. तिची शिटी ऐकलेले हे तरुण अशा मुलखांत उतरले कीं, जेथें चाकाची गाडी नव्हती आणि ओझ्याचें जनावर जगत नव्हतें. त्सेत्से नांवाची माशी चावली म्हणजे गुरें, घोडे हे कांहीं आठवड्यांत मरत. हिंदुस्थानांतील जनावरें या माशीपुढें टिकतात कीं काय, हें पाहण्यासाठीं लिव्हिंग्स्टननें येथून उंट, रेडे, खेचरें आणि गाढवें नेलीं होतीं. तीं थोड्याच महिन्यांत गेलीं. मग उरलें माणसाचें डोकें आणि खांदा. कापड, कांचेचे मणी आणि तांब्या-पितळेची तार हीच तेथील नाणीं. त्यांचे तीस-तीस किलोंचे गठ्ठे ‘पगाझी’ म्हणजे हमाल वाहून नेत. नकाशावर जी रेषा एका प्रवाशाच्या नांवानें काढलेली आपण पाहतों, ती जमिनीवर अशा हमालांच्या पावलांनीं उमटलेली असे.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींत या नाशिकच्या मुलांविषयीं बरीच कुरकूर आढळते. कोणी आळशी, कोणी चुकार, असे शेरे आहेत. कांहीं वाटेंत सोडून गेले, एक जण पहिल्याच वर्षीं मरण पावला. परंतु त्या नवांपैकीं अब्राम आणि माब्रुकी हे दोघे सात वर्षें, शेवटच्या दिवसापर्यंत, त्याच्याजवळ होते. १८७१ सालीं टांगानिका सरोवराकांठच्या उजिजी गांवीं स्टॅन्ले त्यास भेटला. किनाऱ्यावर परतल्यावर स्टॅन्लेनें त्याच्याकडे नवीन माणसें पाठविलीं, त्यांतहि नाशकास शिकलेले जेकब वेनराइट, कॅरस फॅरार, मॅथ्यू वेलिंग्टन असे तरुण होते.

१ मे १८७३ रोजीं, हल्लीं झांबिया देशांत असलेल्या चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं लिव्हिंग्स्टनचें निधन झालें. भोंवतालीं दलदल, आणि किनारा सुमारें २,४०० किलोमीटर दूर. प्रेत तेथेंच पुरून आपापल्या वाटेनें निघून जाणें त्या साठेक माणसांना सहज शक्य होतें. त्यांना जाब विचारणारें तेथें कोणी नव्हतें. तरी त्यांनीं तें किनाऱ्यावर पोंचवावयाचें ठरविलें. हृदय व आंतडीं त्यांनीं एका झाडाखालीं पुरलीं. त्या वेळीं इंग्रजी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटनें, आणि झाडाच्या बुंध्यावर नांव व तारीख कोरली तीहि त्यानेंच. नाशकास गिरविलेलीं अक्षरें अशा रीतीनें आफ्रिकेच्या मध्यावर एका झाडावर उमटलीं. बुंध्याचा तो भाग पुढें लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला.

सुकविलेला देह कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून ते निघाले. प्रेत आपल्या शिवारांतून नेऊं देण्यास गांवकरी तयार नसत, म्हणून तो सामानाचा गठ्ठा आहे असें भासवावें लागे. वाटेंत ताबोराजवळ कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याची गांठ पडली. त्यास मृत्यूची वार्ता आधीं कळली होती ती जेकबनें लिहिलेल्या पत्रानें. देह येथेंच पुरावा असा सल्ला त्यानें दिला. या माणसांनीं तो मानला नाहीं. १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोंचले. तेथें इंग्रज अधिकाऱ्यांनीं देह ताब्यांत घेतला आणि बहुतेकांचा हिशेब करून त्यांना निरोप दिला. जेकब मात्र देहाबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें प्रेतवस्त्र धरणाऱ्यांत तो उभा होता. पुढें तो आफ्रिकेंत परतला, आणि १८९२ सालीं उरांबो येथें वारला. त्या सोहळ्यानंतरचीं त्याचीं वर्षें फारशा कोणाच्या ध्यानांत राहिलीं नाहींत.

लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर गुलामगिरीविरुद्ध लोकमत अधिकच पेटलें. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीमुळें जून १८७३ मध्यें झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह आधींच झाला होता. आतां मुक्त झालेल्यांसाठीं आफ्रिकेंतच वसाहत करावी असें ठरलें, आणि १८७४-७५ मध्यें त्याच प्राइससाहेबांनीं मोंबासासमोर ‘फ्रिअर टाउन’ वसविलें. त्यासाठीं शरणपूरचा आफ्रिकी आश्रम मिटवून तेथील मंडळी तिकडे नेण्यांत आली. अशा सुमारें दीडशें माणसांना तेथें ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणूं लागले.

म्हणजे हिंदुस्थानांत ते आफ्रिकी होते, आणि आफ्रिकेंत मुंबईकर ठरले! स्वाहिली भाषा त्यांना नव्यानें शिकावी लागली. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे म्हणून वसाहत त्यांच्याच बळावर उभी राहिली. पण वेतनांत आणि मानांत त्यांना युरोपियनांच्या पुष्कळ खालीं ठेवीत, आणि ही सल ते उघड बोलून दाखवीत.

यांच्यांतील विल्यम जोन्स या गृहस्थाची हकीकत मला विशेष सांगावयाची आहे, कारण तीच आपल्याला किसुमूच्या परिसरांत नेते. जोन्स लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेला होता. नाशकास शिकून तो १८६४ सालींच मोंबासाजवळच्या रबाई येथें कामास गेला. १८८५ सालीं बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनीं मोंबासाहून मसाई मुलखांतून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी जवळची वाट धरली, तेव्हां सुमारें दोनशें हमालांच्या तांड्याबरोबर जोन्स होता. अडीच-तीन महिने चालून ते क्वा सुंडू येथें आले. हें ठिकाण म्हणजे आजचें मुमियास, किसुमूच्या उत्तरेस. तेथें बहुतेक तांडा जोन्सच्या स्वाधीन करून बिशप पन्नास माणसांनिशीं पुढें गेले. २९ ऑक्टोबर रोजीं युगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकुमानें बुसोगा येथें ते मारले गेले.

जोन्सला कोणतीच पक्की बातमी नव्हती. जिवंत सुटून आलेल्या तुरळक माणसांच्या तोंडून अनर्थ कळला, तरी कदाचित् आणखी कोणी येईल या आशेनें तो डिसेंबरपर्यंत त्या परक्या मुलखांत थांबला. मग उपाशी, खचलेल्या हमालांना घेऊन तोच खडतर मार्ग उलटा चालून फेब्रुवारी १८८६ मध्यें तो रबाईस परतला. पुढें त्याच रबाईंत पळून आलेले शेंकडों गुलाम त्याच्या आश्रयास राहिले. त्यांचे मालक त्यांना परत मागूं लागले, तेव्हां त्यांना हांकून देण्यास जोन्स तयार झाला नाहीं. अखेर मालकांना भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजीं चौदाशेंहून अधिक माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. ज्याला स्वतःला शरणपुरांत आसरा मिळाला होता, त्यानें दुसरें शरणपूर उभारलें, असेंच म्हटलें पाहिजे.

जोन्सच्या त्या फेरीनंतर अवघ्या सोळा वर्षांत ही वाट पायांखालून रुळांवर गेली. १८९६ सालीं मोंबासाहून सरोवराकडे लोहमार्ग घालण्यास प्रारंभ झाला. मजूर हिंदुस्थानांतून, मुख्यतः पंजाबांतून, करारानें नेले. एकंदर सुमारें ३२,०००. रुळांची रुंदीहि आपल्याकडील मीटर गेजची. १८९८ सालीं त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन सिंहांनीं मजूर उचलून नेल्याची कथा प्रसिद्ध आहे. पण ताप, हगवण आणि अपघात यांनीं त्याहून कितीतरी अधिक बळी घेतले. काम पुरें होईपर्यंत सुमारें २,५०० हिंदी मजूर मृत्यू पावले. २० डिसेंबर १९०१ रोजीं रूळ सरोवराच्या पाण्याशीं टेकले. एका रेल्वे-अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नांवावरून त्या ठिकाणास ‘पोर्ट फ्लॉरेन्स’ म्हणूं लागले. परंतु तें नांव टिकलें नाहीं, लोकांच्या तोंडचें किसुमू टिकलें. गंमत अशी कीं, या लोहमार्गाचें नांव ‘युगांडा रेल्वे’, पण १९०२ सालीं हा भाग शेजारच्या प्रांतास जोडला गेला, आणि युगांडा रेल्वे युगांडाच्या बाहेरच संपूं लागली.

पुढचा प्रवास पाण्यावरचा. आगबोटींचे सुटे भाग आगगाडीनें किसुमूस आणून तेथील गोदींत जुळवीत, आणि त्या सरोवरांत सोडीत. ‘विनिफ्रेड’, ‘सिबिल’, ‘क्लेमेंट हिल’ अशा बोटींनीं युगांडाचा कापूस किसुमूच्या धक्क्यावर येऊं लागला. बाजार वाढला, आणि गुजराती दुकानदार, शीख कारागीर, गोमंतकीय कारकून यांची वस्ती जमली. जवळच्या किबोस येथें हिंदी शेतकऱ्यांनीं उसाचे मळे केले. पूर्व आफ्रिकेंत १९२० पर्यंत आपला रुपयाच चाले. स्वाहिलींत दुकानास ‘दुका’, वाहनास ‘गारी’, लाखास ‘लाकी’ म्हणतात. चपाती तर चपातीच राहिली आहे. १९४८ सालीं स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले ते औंधचे अप्पासाहेब पंत, हेंहि मराठी माणसानें लक्षांत ठेवावें.

हल्लीं किसुमूस जाणाऱ्या प्रवाशानें काय पाहावें? सकाळीं डुंगाच्या किनाऱ्यावर जावें. कोळ्यांच्या नावा मासळी घेऊन परततात, कांठीं पपायरसचें उंच गवत असतें, आणि नावेंतून गेल्यास पाणघोड्यांचीं नाकें पाण्यावर दिसतात. शहराच्या पश्चिमेस सुमारें तीस किलोमीटरांवर ‘किट मिकायी’ नांवाची शिळांची प्रचंड रास आहे. नांवाचा अर्थ ‘पहिल्या पत्नीचा दगड’. तेथें आजहि लोक प्रार्थनेस येतात. शहरांतील संग्रहालयांत लुओ लोकांच्या घरांची पारंपरिक मांडणी पाहावयास मिळते. सरोवराचीं दुखणीं मात्र नजरेआड करूं नयेत. १९९० नंतर जलपर्णीनें या आखातास ग्रासलें, आणि कधीं कधीं धक्क्यापर्यंत बोटीस वाट मिळेनाशी झाली. गोदावरींतील पाणवेलींशीं झगडणाऱ्या नाशिककरांस हें दुखणें निराळें सांगावयास नको. आगगाडीनेंहि चढउतार पाहिले. नैरोबी-किसुमू ही उतारूंची गाडी कांहीं वर्षें बंद पडली होती. जुना लोहमार्ग दुरुस्त करून डिसेंबर २०२१ मध्यें ती पुन्हां सोडण्यांत आली.

परतीच्या वाटेवर मोंबासास थांबलेंच पाहिजे. फ्रिअर टाउनच्या जागीं आतां शहर पसरलें आहे, पण तेथील जुनी घंटा रस्त्याच्या चौकाजवळ जतन केलेली आहे. गुलामांचें गलबत दिसलें कीं ती वाजवीत, असें सांगतात. त्या भागास ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेजवळ, असेंच नांव पडलें आहे. याच मोंबासांत मॅथ्यू वेलिंग्टन म्हातारपणीं राहत होता. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकीं तो अखेरचा साक्षीदार. १९३५ सालीं तो वारला. म्हणजे नाशकास धडे गिरविलेला तो माणूस आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत हयात होता.

मोंबासांत त्या माणसांची आठवण एका घंटेनें राखली आहे. आपल्याकडे ती एका रस्त्याच्या नांवांत आहे. शरणपूर रोडवर वाहनांच्या रांगेंत कधीं थांबावें लागलें, तर बरोबरच्या मुलांना हें नांव कशावरून पडलें तें अवश्य सांगावें, आणि घरीं गेल्यावर नकाशांत नाशिक, मोंबासा आणि किसुमू हीं तीन ठिकाणें बोटानें जोडून दाखवावीं.